विजेची मोटारगाडी : घरचा प्लग आणि गावचे रोहित्र



१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. बस धावली. त्यानंतर बरोबर चौऱ्याहत्तर वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, त्याच मार्गावर राज्य परिवहन महामंडळाची विजेवर चालणारी पहिली ‘शिवाई’ बस धावली. आज अहिल्यानगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याला वाहतुकीच्या इतिहासातील हे दोन्ही मान मिळाले आहेत. रांजणगाव आणि चाकण येथील कारखान्यांतून विजेवरील मोटारगाड्या बाहेर पडू लागल्यापासून हा विषय बसपुरता राहिलेला नाही. शिक्षक, ग्रामसेवक, परिचारिका, बँकेतील कर्मचारी, दुकानदार अशा रोज ठरावीक अंतर जाऊन परत येणाऱ्या माणसाच्या दारापर्यंत तो पोचला आहे.

बस आणि घरची मोटार यांत मात्र एक मोठा फरक आहे. बस आगारात उभी राहते. तेथे स्वतंत्र वीजजोडणी असते, अभियंते असतात, देखभालीची व्यवस्था असते. घरच्या मोटारीचे आगार म्हणजे घराचा ओटा, अंगण किंवा पडवी. तेथील अभियंता आणि आगारप्रमुख ही दोन्ही कामे गृहस्थालाच करावी लागतात. ज्या तारेतून आजवर चार दिवे, दोन पंखे आणि एक दूरदर्शन संच चालला, त्याच तारेतून आता मोटारगाडी चालवावयाची आहे. ती तार, तिच्यामागचा मीटर आणि मीटरमागचे गावचे रोहित्र या कामास सिद्ध आहेत काय, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. त्यासाठी अकोले तालुक्यातील राजूर हे गाव उदाहरणादाखल घेणे उपयुक्त ठरेल.

राजूरच का?

प्रवरेच्या वरच्या खोऱ्यात, कोल्हार–घोटी रस्त्यावर वसलेले राजूर हे डोंगराळ आदिवासी पट्ट्याचे मुख्य बाजाराचे गाव आहे. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय येथे आहे. महाविद्यालय, विद्यालये, रुग्णालय आहे. डांगी जनावरांच्या प्रदर्शनासाठी आणि पेढ्यांसाठी या गावाचे नाव दूरवर माहीत आहे. अकोले येथून राजूरला वीस-बावीस किलोमीटरवर आणि संगमनेरहून पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास यावे लागते. राजूरहून पुढे भंडारदरा, शेंडी, रतनवाडी आणि घाटघरच्या बाजूला चढाचे रस्ते जातात. सकाळी कामावर येणारा आणि सायंकाळी परतणारा मोठा नोकरदार वर्ग या रस्त्यांवर आहे.

दुसरे कारण असे की, वीज ही या खोऱ्याला नवी नाही. १९१० साली काम सुरू होऊन १९२६ साली पूर्ण झालेले भंडारदऱ्याचे विल्सन धरण येथून जवळ आहे. त्याच्या पाण्यावर धरणाजवळ आणि खाली कोदणी येथे वीज तयार होते. खोऱ्याच्या अगदी माथ्यावर घाटघरची योजना आहे. ती या विषयावर एक महत्त्वाचा धडा देते. त्याचा उल्लेख पुढे येईल. वीज जेथे जन्मते त्या परिसरातील वाड्यावस्त्यांतसुद्धा ती शेवटच्या घरापर्यंत पुरेशा दाबाने पोचतेच असे नाही, हाही अनुभव खेडोपाडी सर्वांच्या परिचयाचा आहे.

रोजच्या प्रवासाचा हिशेब

विजेच्या मोटारीविषयी पहिली शंका विचारली जाते ती अशी की, वाटेत वीज संपली तर काय? लांबच्या प्रवासाला ही शंका योग्य आहे. परंतु रोजच्या ठरावीक प्रवासाचा हिशेब निराळा आहे आणि तो कागदावर मांडून पाहिला पाहिजे.

लहान मोटारगाडीच्या बॅटरीत साधारणतः वीस ते तीस युनिटे वीज मावते. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट वीज एक तासभर वापरणे. अशी गाडी एका युनिटात सहा ते आठ किलोमीटर जाते. चढ, पाऊस, जादा माणसे आणि वातानुकूलन यंत्र यांमुळे हा आकडा खाली येतो. उतारावर मात्र ब्रेक लावताना चाकांची गती थोडी वीज परत बॅटरीत घालते, त्यामुळे घाटातील खर्चाचा काही भाग वसूल होतो.

अकोले ते राजूर जाऊन-येऊन चव्वेचाळीस किलोमीटर धरले तर सहा ते सात युनिटे लागतील. भिंतीवरील प्लगपासून बॅटरीपर्यंत वीज पोचताना दहा-पंधरा टक्के वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. म्हणून मीटरवर सात ते आठ युनिटे पडतील. सोळा अँपियरच्या साध्या पॉवर प्लगमधून तासाला सुमारे तीन युनिटे घेता येतात. म्हणजे अडीच-पावणेतीन तासांत दिवसाचा खर्च भरून निघतो. संगमनेरहून रोज ये-जा करणाऱ्यास याच्या दुप्पट वीज आणि पाच-साडेपाच तास लागतील. गाडी रात्री दहा-बारा तास घरीच उभी असते. तेव्हा रोजच्या प्रवासासाठी महामार्गावरील मोठे, वेगवान चार्जिंग केंद्र गावात नाही म्हणून अडण्याचे कारण नाही. नीट बसविलेला एक पॉवर प्लग या कामास पुरतो.

आता पैशाचा हिशेब. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर अकराशे किलोमीटर प्रवास होतो आणि सुमारे दोनशे युनिटे खर्च होतात. लिटरला पंधरा किलोमीटर जाणाऱ्या पेट्रोलच्या गाडीस तेवढ्यासाठी त्र्याहत्तर लिटर पेट्रोल लागेल. उदाहरणादाखल लिटरला शंभर रुपये धरले तर सात हजार तीनशे रुपये होतात. विजेचा दर सर्व आकारांसह युनिटला चौदा रुपये धरला तरी खर्च दोन हजार आठशे रुपये येतो. महिन्याला साडेचार हजार, वर्षाला चोपन्न हजार रुपये वाचतात.

पण येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. शंभर युनिटांपर्यंत एक दर, त्यापुढे तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा, अशी ही रचना आहे. महिन्याला नव्वद युनिटे वापरणारे कुटुंब पहिल्या टप्प्यात असते. मोटारीची दोनशे युनिटे मिळविल्यावर त्याचा वापर दोनशे नव्वद होतो आणि नव्याने आलेली जवळजवळ सर्व युनिटे दुसऱ्या, अधिक दराच्या टप्प्यात पडतात. म्हणून मोटारीचा खर्च काढताना जुन्या बिलावरील सरासरी दर घेणे चुकीचे ठरते. वरच्या टप्प्याचा दर घेतला पाहिजे. दुसरी गोष्ट गाडीच्या किमतीची. विजेच्या गाडीची किंमत तीन लाखांनी अधिक असेल, तर वरील बचतीतून तो फरक भरून निघण्यास साडेपाच वर्षे लागतील. ज्याचा रोजचा प्रवास दहा किलोमीटरचाच आहे त्याला केवळ काटकसरीच्या हेतूने ही गाडी परवडेलच असे नाही. ज्याचा प्रवास रोजचा, ठरावीक आणि मध्यम अंतराचा आहे, त्याला ती सर्वांत अधिक उपयोगी आहे.

नियम काय सांगतात?

घरच्या विजेवर मोटार चार्ज करणे नियमांत बसते काय, असा प्रश्न अनेक ठिकाणी विचारला जातो. वाहनाचे चार्जिंग ही सेवा असून ती विजेची विक्री नव्हे, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये केला. पुढे जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत, वाहनमालकास आपल्या घरी अथवा कार्यालयात तेथील अस्तित्वात असलेल्या वीजजोडणीवरून वाहन चार्ज करता येईल, असे स्पष्ट करण्यात आले. आपल्या राज्यात स्वतःचे वाहन स्वतःच्या जागेत चार्ज करणाऱ्यास त्या जागेच्या वर्गवारीचाच दर लागतो. म्हणजे घरी घरगुती दर. इतरांची वाहने पैसे घेऊन चार्ज करावयाची असतील तर चार्जिंग केंद्रांची वर्गवारी स्वतंत्र आहे.

या सवलतीबरोबर दोन जबाबदाऱ्या येतात. पहिली मंजूर भाराची. प्रत्येक जोडणीचा मंजूर भार वीजबिलावर छापलेला असतो. खेड्यांतील पुष्कळ घरांचा भार एक किलोवॅटच्या आसपास मंजूर आहे. त्यात तीन किलोवॅटची मोटार बसत नाही. गाडी घेण्यापूर्वीच महावितरणाच्या कार्यालयात भारवाढीचा अर्ज दिला पाहिजे. हा अर्ज म्हणजे निव्वळ कागदोपत्री सोपस्कार आहे असे समजू नये. कोणत्या रोहित्रावर किती भार येणार आहे हे वीज कंपनीला कळण्याचा तोच एक मार्ग आहे.

दुसरी जबाबदारी शेतीपंपाच्या जोडणीची. मळ्यात राहणाऱ्या कुटुंबास पंपाच्या खोलीतील वीज सोयीची वाटणे स्वाभाविक आहे. परंतु शेतीसाठी सवलतीने अथवा विनामूल्य दिलेली वीज मोटारीसाठी वापरणे हा विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो. शिवाय शेतीच्या वाहिनीवर थ्री-फेज पुरवठा दिवसातील ठरावीक तासांपुरताच असतो. वस्तीवरील घर कोणत्या वाहिनीवर आहे, गावठाणच्या की शेतीच्या, याची चौकशी अगोदर केल्यास पुढचा मनस्ताप वाचेल.

तार, प्लग आणि अर्थिंग

या विषयातील सर्वांत महत्त्वाचा भाग सुरक्षिततेचा आहे. मिक्सर पाच मिनिटे चालतो, इस्त्री दहा-पंधरा मिनिटे. मोटार तीन ते पाच तास अखंड वीज ओढते, आणि तीही घरातील माणसे झोपेत असताना. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पाच अँपियरच्या जागी तेरा अँपियर प्रवाह वाहू लागला की त्याच तारेत जवळजवळ पावणेसातपट उष्णता निर्माण होते. तार जुनी असेल, जोड हातानेच पिळून केलेला असेल किंवा प्लगची पिन सैल बसत असेल, तर उष्णता त्या एकाच ठिकाणी साठते आणि बोर्ड वितळू लागतो. प्लगला हात लावून तो पोळण्याइतका गरम लागला, बोर्डावर काळसर डाग दिसला किंवा जळका वास आला, तर चार्जिंग त्वरित थांबवून तपासणी करून घ्यावी.

याकरिता मोटारीसाठी मीटरजवळच्या मुख्य फलकापासून स्वतंत्र तार ओढावी. सोळा अँपियरच्या प्लगसाठी तांब्याची चार चौरस मिलिमीटरची आणि बत्तीस अँपियरच्या भिंतीवरील चार्जरसाठी किमान सहा चौरस मिलिमीटरची तार सर्वसाधारणपणे घेतली जाते. अंतर फार असेल तर त्याहून जाड. या तारेवर दुसरा कोणताही दिवा अथवा पंप नसावा. प्रमाणित एम.सी.बी. आणि तीस मिलिअँपियर गळतीला बंद पडणारा आर.सी.सी.बी. बसवावा. माणसाच्या शरीरातून वीज जमिनीत जाऊ लागताच हे दुसरे उपकरण क्षणार्धात पुरवठा तोडते. एक्स्टेन्शन बोर्ड, खिडकीतून बाहेर काढलेली वायर, फ्यूजच्या जागी घातलेली जाड तार, या गोष्टी पूर्णपणे टाळल्या पाहिजेत. काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून त्याचा चाचणी अहवाल जपून ठेवावा.

यानंतर अर्थिंगचा प्रश्न. विजेच्या मोटारीची चार्जिंग केबल अर्थिंग आहे की नाही हे प्रथम तपासते आणि ते नसल्यास बहुधा चार्जिंगच सुरू करीत नाही. नवी गाडी घरी आणल्यावर ‘गाडी वीज घेत नाही’ अशी तक्रार झाली, तर पुष्कळदा दोष गाडीत नसून घरच्या अर्थिंगमध्ये असतो. सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत जमिनीखाली लवकरच काळा कातळ लागतो. पावसाळ्यात ओल असते तोवर अर्थिंग ठीक चालते. मार्च महिन्यापासून माती कोरडी पडली की त्याचा विरोध वाढतो. यासाठी खड्डा पुरेसा खोल आणि शक्यतो ओलाव्याच्या जागी, सांडपाण्याच्या किंवा झाडांच्या बाजूला घ्यावा, त्यात मीठ-कोळसा किंवा त्यासाठी मिळणारे तयार मिश्रण भरावे, उन्हाळ्यात त्यात पाणी घालीत जावे आणि वर्षातून एकदा, तोही उन्हाळ्यातच, विरोध मोजून घ्यावा. अर्थिंगच्या अभावी केबलची ती तपासणी चुकविण्यासाठी न्यूट्रलची तार अर्थला जोडण्याची युक्ती काही ठिकाणी केली जाते. न्यूट्रल तुटताच अशा गाडीच्या संपूर्ण पत्र्यात वीज उतरू शकते. अंगणात मुले खेळतात, गुरे बांधलेली असतात. ही युक्ती जिवावर बेतणारी आहे आणि ती कोणीही, कितीही अनुभवी वायरमनने सुचविली तरी करू नये.

या खोऱ्यात पाऊस मुसळधार पडतो. गाडीचा चार्जिंगचा भाग पाण्यापासून सुरक्षित बनविलेला असला तरी भिंतीवरील प्लग तसा असतोच असे नाही. प्लग छपराखाली, झाकणाच्या पेटीत आणि जमिनीपासून पुरेसा उंच असावा. वादळवाऱ्यात वीज खंडित होण्याचा संभव लक्षात घेऊन पावसाळ्यात बॅटरी तळाला जाऊ देऊ नये. दोन दिवसांचा प्रवास होईल एवढी वीज तीत राखून ठेवावी. एरवी रोज किती टक्क्यांपर्यंत भरावे हे बॅटरीच्या प्रकारावर अवलंबून असते आणि ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते.

हे सर्व नियम दुचाकीलाही लागू आहेत, आणि खेड्यांत विजेची दुचाकी मोटारीहून अधिक दिसणार आहे. तिची बॅटरी दोन ते चार युनिटांची असते. ती काढून घरात नेता येत असेल, तर चुलीजवळ, अंथरुणाजवळ किंवा बाहेर पडण्याच्या एकमेव दाराजवळ ठेवून चार्ज करू नये.

गावचे रोहित्र सर्वांचे

घराच्या भिंतीच्या आतील व्यवस्था गृहस्थाने करावयाची. भिंतीबाहेर मात्र प्रश्न सामाईक होतो. गावात ज्याला डी.पी. म्हणतात ते रोहित्र बहुधा त्रेसष्ट किंवा शंभर के.व्ही.ए. क्षमतेचे असते. त्यावर आळीतील सर्व घरे, पिठाची गिरणी, पाणीपुरवठ्याचा पंप आणि रस्त्यावरील दिवे चालतात. त्रेसष्ट के.व्ही.ए.च्या रोहित्रावरील दहा घरांनी संध्याकाळी सात वाजता एकाच वेळी मोटारी लावल्या, तर तीस किलोवॅटचा नवा भार येईल. म्हणजे क्षमतेचा जवळजवळ निम्मा भाग. तीच वेळ घरोघरी दिवे, पंखे आणि दूरदर्शन संच लागण्याची. परिणामी विजेचा दाब उतरतो. ओळीच्या शेवटच्या घरात दिवा मिणमिणतो, पंखा मंदावतो, आणि एखाद्या रात्री रोहित्र जळते. जळालेले रोहित्र बदलून येईपर्यंत अंधारात बसणाऱ्यांत ज्यांच्याकडे मोटार नाही अशांचीच संख्या अधिक असते. काही थोड्यांच्या सोयीची किंमत अनेकांना मोजावी लागू नये, हा या प्रश्नातील खरा सामाजिक आशय आहे.

सुदैवाने यावरील उपाय बिनखर्चाचा आहे, आणि तो म्हणजे वेळ बदलणे. याच दहा मोटारी रात्री अकरानंतर, पाच-पाचच्या दोन गटांत लावल्या, तर तेच रोहित्र तो भार सहज पेलू शकेल. बहुतेक गाड्यांत चार्जिंग सुरू होण्याची वेळ ठरविण्याची सोय असते. त्यासाठी जागरण करावे लागत नाही.

घाटघरचा धडा

वेळ साधून वीज साठविण्याची ही कल्पना या खोऱ्याला परिचित आहे. घाटघर येथे २००८ साली दोनशे पन्नास मेगावॅटची उदंचन जलविद्युत योजना कार्यान्वित झाली. वरचा जलाशय अकोले तालुक्यात घाटघरला, तर खालचा सह्याद्रीच्या कड्याखाली ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात चोंढे येथे आहे. दोहोंच्या पातळीत सुमारे चारशे मीटरांचे अंतर आहे. विजेची मागणी वाढते तेव्हा वरचे पाणी खाली सोडून एकशे पंचवीस मेगावॅटच्या दोन संचांतून वीज घेतली जाते. मागणी ओसरते तेव्हा शिल्लक वीज वापरून तेच संच पंपाचे काम करतात आणि पाणी पुन्हा वर चढविले जाते. अशा योजनांत खर्च केलेल्या शंभर युनिटांमागे सामान्यतः पंचाहत्तर ते ऐंशी युनिटेच परत मिळतात. तरीही त्या फायद्याच्या ठरतात, कारण वीज नकोशी असते तेव्हा घेतली जाते आणि हवी असते तेव्हा दिली जाते.

घरासमोर उभी असलेली मोटार हे एका अर्थी लहानसे घाटघरच होय. तिला वीज केव्हा हवी यापेक्षा गावाला ती केव्हा नको आहे हे पाहून तिची बॅटरी भरली, तर सर्वांचाच लाभ होतो.

मात्र ही ‘नको असण्याची’ वेळ आता बदलत आहे. पूर्वी शिल्लक वीज मध्यरात्री असे. सौरऊर्जेची केंद्रे वाढू लागल्यापासून दुपारी वीज मुबलक होऊ लागली आहे आणि सायंकाळची ओढ तशीच राहिली आहे. राज्यात २०१७ पासून सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमुळे शेतीचा मोठा भार दिवसाकडे वळू लागला. २०२५ च्या जुलैपासून स्मार्ट मीटर असलेल्या महावितरणाच्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या वेळेतील वापरावर प्रतियुनिट सवलत देण्यात आली, तिच्यामागे हेच कारण होते. असे दर वेळोवेळी बदलतात. म्हणून दर महिन्याचे बिल वाचण्याची सवय प्रत्येक वाहनमालकाने लावून घ्यावी.

छपरावरचे ऊन आणि शाळेचे आवार

दुपारची वीज स्वस्त झाली, पण दुपारी शिक्षक शाळेत आणि कर्मचारी कार्यालयात असतो. मोटारही तेथेच उभी असते. ही अडचण दोन मार्गांनी सुटू शकते.

पहिला मार्ग घराच्या छपराचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजनेत तीन किलोवॅट व त्याहून अधिक क्षमतेच्या घरगुती संचासाठी अठ्ठ्याहत्तर हजार रुपयांपर्यंत अनुदान ठेवण्यात आले. तीन किलोवॅटचा संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला बारा युनिटांच्या आसपास वीज देतो. म्हणजे घराचा वापर आणि अकोल्याची फेरी दोन्ही भागू शकतात. दिवसा तयार झालेली वीज नेट मीटरद्वारे वाहिनीवर जाते आणि रात्री वापरलेली तीतून वजा होते. या खोऱ्यात पावसाळ्याचे चार महिने ढगांचे असल्याने उत्पादन बरेच घटते, हे धरूनच हिशेब करावा. एप्रिल-मे महिन्यांतील शिल्लक युनिटे त्या आर्थिक वर्षात पुढे ओढता येत असल्याने पावसाळ्याची तूट काही अंशी भरून निघते.

दुसरा मार्ग सार्वजनिक इमारतींचा. शाळा, महाविद्यालय, पंचायत आणि शासकीय कार्यालये यांचा वीजवापर दिवसाच असतो आणि त्यांची छपरे मोठी असतात. त्यांवर सौरसंच असेल, तर आवारात दोन-तीन प्रमाणित प्लग, प्रत्येकास स्वतंत्र छोटा मीटर आणि नोंदवही एवढ्या व्यवस्थेवर कर्मचाऱ्यांच्या दुचाकी आणि मोटारी दुपारी चार्ज होऊ शकतील. वापरलेल्या विजेचे मूल्य मात्र नोंदीप्रमाणे वसूल झाले पाहिजे. शाळेचे वीजबिल आधीच अनेकदा थकलेले असते. त्यात खाजगी वाहनांची भर पडता कामा नये.

ग्रामपंचायतीने काय करावे?

विजेच्या मोटारी आज गावात दोन-चार असतील. पण दोन-चार असतानाच व्यवस्था लावणे सोपे असते. ग्रामपंचायतीला त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही.

पहिले काम नोंदीचे. गावात विजेवरील किती वाहने आहेत, ती कोणत्या रोहित्रावर आहेत, याची साधी यादी ठेवावी आणि ती महावितरणाच्या शाखा कार्यालयास दर सहा महिन्यांनी द्यावी. एखाद्या रोहित्राची क्षमता वाढवून मागताना ‘दाब कमी येतो’ या मोघम तक्रारीपेक्षा अशी यादी अधिक प्रभावी ठरते.

दुसरे काम वेळेचे. सायंकाळी सहा ते दहा या वेळेत मोटार चार्ज करू नये, असा संकेत ग्रामसभेत चर्चा करून ठरवावा. तो दंडाने अमलात आणता येणार नाही. परंतु पाण्याच्या पाळ्या जेथे परस्परसंमतीने चालत आल्या आहेत, तेथे विजेच्या पाळ्या चालविणे कठीण नाही.

तिसरे काम तपासणीचे. उन्हाळ्यात एक दिवस ठरवून परवानाधारक तंत्रज्ञाकडून शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र आणि इच्छुक घरे यांच्या अर्थिंगची मोजणी करून घ्यावी. मोटार असो वा नसो, याचा लाभ प्रत्येक घराला आहे. पाण्याच्या मोटारीचा, कूलरचा किंवा ओल्या भिंतीचा धक्का बसून होणारे अपघातही चांगल्या अर्थिंगमुळे आणि गळतीरोधक उपकरणामुळे टळतात. शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकांनी मुलांना घरचा मीटर वाचावयास, मंजूर भार शोधावयास आणि अर्थिंगची तार ओळखावयास शिकविले, तर हे ज्ञान एका वर्षात घरोघर जाईल.

चौथे काम अंदाजपत्रकाचे. राज्य शासनाच्या माझी वसुंधरा अभियानात ऊर्जेचा विषय ‘अग्नी’ या तत्त्वाखाली येतो. गावाच्या विकास आराखड्यात सौरसंच, पथदिवे आणि चार्जिंगची जागा यांचा एकत्रित विचार केल्यास तीन वेळा खोदाई आणि तीन वेळा तारा ओढण्याचा खर्च वाचतो.

पेट्रोलचा पंप गावाबाहेर असतो, त्याची जबाबदारी दुसऱ्या कोणाची असते. विजेची मोटार ते इंधन घराच्या भिंतीत आणून ठेवते, आणि म्हणूनच त्याची जबाबदारीही घराच्या उंबऱ्यावर येते. जो गृहस्थ अगोदर भार मंजूर करून घेतो, स्वतंत्र तार आणि पक्के अर्थिंग करतो आणि शेजाऱ्यांचे दिवे मंद होणार नाहीत अशी वेळ निवडतो, त्याला या नव्या वाहनाचा लाभ निर्वेधपणे घेता येईल. शासन धोरण आखील, वीज कंपनी तारा ओढील. परंतु आळीच्या टोकाला असलेल्या घरातील दिवा त्या रात्री नीट जळतो आहे की नाही, हे पाहणे मात्र गावाच्याच हाती आहे.